गोव्याहून दुबई, सिंगापूर, बँकॉक: अंतर आणि विमानाचा वेळ स्वतः कसा काढायचा

पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. दुबई किती लांब? किती तास लागतात? यातल्या पहिल्या प्रश्नाला एकच आकडा पुरतो. दुसऱ्याला निदान चार आकडे लागतात: विमान हवेत किती वेळ असतं, तळावर धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्यात किती जातो, दोन देशांच्या घड्याळांत फरक किती, आणि घर ते तळ, तळ ते मुक्काम हे किती. नेटवर "गोवा–दुबई ३ तास" असं वाचून घरून निघणारा माणूस यातले तीन आकडे विसरलेला असतो. खालची रीत कागद, पेन आणि मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर एवढ्यावर चालते. आखातात नोकरीला निघालेल्यांना, सिंगापूरला जहाज पकडायला जाणाऱ्यांना आणि बँकॉकला फिरायला जाणाऱ्यांनाही तीच लागू पडते.

आधी तळ ठरवा, मग शहर

अंतर शहरांमधलं नसतं, विमानतळांमधलं असतं. गोव्यात तर हे पहिल्यांदा पाहावं लागतं, कारण इथे दोन तळ आहेत. दाबोळी, म्हणजे वास्कोजवळचा जुना तळ, ज्याचा कोड जीओआय. आणि पेडण्यातला मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, कोड जीओएक्स. मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं सुटू लागली. तिकिटाच्या साइटवर नुसतं "गोवा" टाकलं की दोन्ही तळांची विमानं एकाच यादीत मिसळून येतात. स्वस्त दिसलं म्हणून घेतलं आणि निघायच्या दिवशी काणकोणहून दाबोळीला पोचलो, तिकीट मात्र मोपाचं, असं होतं. दोन्ही तळ सरळ रेषेत सुमारे ४० किमीवर आहेत, पण रस्त्याने ६५ किमीच्या आसपास. वाटेत झुआरी, मांडवी आणि कोलवाळची शापोरा अशा तीन नद्या आणि पर्वरी, म्हापशाची गर्दी. दिवसा दीड ते दोन तास सहज जातात, तेवढ्यात काउंटर बंद झालेला असतो. म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचायचा, शहराचं नाव नाही.

उतरण्याच्या बाजूलाही हेच. दुबईत मुख्य तळ डीएक्सबी, पण अल मक्तूमचा डीडब्ल्यूसी हा दुसरा तळ शहराच्या पार दक्षिणेला आहे. शारजाचा एसएचजे वेगळा, तो दुबईला लागूनच असला तरी अमिरात वेगळी. बँकॉकमध्ये सुवर्णभूमी (बीकेके) आणि डॉन मुआंग (डीएमके) शहराच्या दोन टोकांना आहेत, आणि स्वस्तातल्या कंपन्यांची बरीच विमानं डॉन मुआंगला उतरतात. तिथून पुढचं विमान सुवर्णभूमीहून असेल तर मधे बँकॉकची वाहतूक आहे हे लक्षात ठेवा.

अंतर काढणं

लागतात फक्त दोन्ही तळांचे अक्षांश आणि रेखांश. गुगल मॅप्सवर तळावर बोट दाबून धरलं की ते दशांशात मिळतात. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. आपल्या उपयोगाचे हे घ्या:

दाबोळी १५.३८ उत्तर, ७३.८३ पूर्व
मोपा १५.७४, ७३.८६
दुबई २५.२५, ५५.३६
मस्कत २३.५९, ५८.२८
दोहा २५.२७, ५१.६१
कुवेत २९.२३, ४७.९७
बँकॉक सुवर्णभूमी १३.६९, १००.७५
सिंगापूर चांगी १.३६, १०३.९९

आता दाबोळी ते दुबई करून पाहू.

अक्षांशातला फरक: २५.२५ वजा १५.३८, म्हणजे ९.८७. अक्षांशाचा एक अंश कुठेही सुमारे १११ किमी. ९.८७ गुणिले १११ = १,०९६ किमी. एवढं आपण उत्तरेकडे सरकतो.

रेखांशातला फरक: ७३.८३ वजा ५५.३६ = १८.४७. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर १११ किमी असला तरी उत्तरेकडे जाताना आखूड होत जातो, ध्रुवावर शून्य होतो. तो किती आखूड झाला हे दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या कोसाइनवरून (कॅल्क्युलेटरवरचं cos बटण) कळतं. सरासरी २०.३ अंश, त्याचा कोसाइन ०.९३८. तेव्हा १८.४७ गुणिले १११ गुणिले ०.९३८ = १,९२३ किमी. हे पश्चिमेकडचं सरकणं.

दोन्ही आकडे काटकोनातल्या दोन बाजू आहेत. वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ घ्या: २,२१३ किमी. पृथ्वीच्या गोलाकाराचं पूर्ण सूत्र वापरलं तरी उत्तर तेवढंच येतं. मोपाहून धरलं तर सुमारे २,१९५. अठरा-वीस किलोमीटरचा फरक, हवेत दीड मिनिटाचा. त्यामुळे तळ निवडताना हवेतल्या अंतराचा विचारच करू नका, घरापासूनच्या रस्त्याचा करा.

याच रीतीने दाबोळीहून मस्कत सुमारे १,८६५ किमी, दोहा २,५६०, कुवेत ३,०६०, बँकॉक २,९००, सिंगापूर ३,६५७.

इथे तीन ठिकाणी हात घसरतो. पहिलं, कॅल्क्युलेटर रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर असतं. कोस २०.३ केल्यावर ०.९३८ च्या जागी भलतंच काही आलं, तर आधी डिग्रीवर आणा. दुसरं, जुन्या नकाशांत आणि शाळेच्या पुस्तकांत अक्षांश अंश आणि कलांत दिलेले असतात. दाबोळी १५ अंश २३ कला, म्हणजे १५.२३ नव्हे, २३ ला ६० ने भागायचं, ०.३८ येतं. १५.२३ धरलंत तर तळ सतरा किलोमीटर दक्षिणेला सरकला. तिसरं, मैल. साधा मैल १.६०९ किमीचा, पण विमान आणि जहाज दोन्ही सागरी मैलात बोलतात, तो १.८५२ किमीचा. गोवा–दुबई सुमारे १,१९५ सागरी मैल. कुणी "बाराशे मैल" म्हटलं आणि तुम्ही १.६ ने गुणलंत तर अंतर तीनशे किमीने कमी भरेल. जहाजावर काम करणाऱ्यांना हे सांगायला नको; त्यांना अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल हे पाठच असतं.

ही काटकोनाची रीत तीन-साडेतीन हजार किमीपर्यंत चोख चालते, त्यापुढे ती फुगवून सांगते. दाबोळी ते टोकियोचा नारिता तळ या रीतीने ७,०३८ किमी येतो, खरं अंतर ६,९१७ च्या आसपास आहे. कारण गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता सपाट नकाशावर सरळ दिसत नाही, उत्तरेकडे फुगलेला कमानीसारखा दिसतो. घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर गोव्यापासून टोकियोपर्यंत दोरा ताणून धरा, तो कुठल्या देशांवरून जातो ते पाहा. लांबच्या प्रवासासाठी "ग्रेट सर्कल मॅपर" या साइटवर दोन कोड टाकले की कमानीसह अंतर मिळतं. दुबई-सिंगापूरसाठी त्याची गरज नाही.

गुगल मॅप्सवर "दिशा" दाबून आलेलं अंतर मात्र घेऊ नका. तो रस्त्याचा हिशेब असतो.

हवेतला वेळ

आखात किंवा आग्नेय आशियाकडे जाणारी बहुतेक विमानं एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ च्या जातीची. ती ३४ ते ३८ हजार फुटांवर ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पटीने चालतात. त्या उंचीवर थंडी उणे पन्नासच्या पलीकडे असते आणि थंड हवेत आवाज हळू जातो, म्हणून हा वेग ताशी ८३० किमीच्या जवळ बसतो. तिकिटाच्या वेळेचा अंदाज असा काढा:

अंतरात ५ टक्के मिळवा, ८३० ने भागा, उत्तर मिनिटांत करा आणि त्यात ३५ मिनिटं घाला.

पाच टक्के कशासाठी? विमान सरळ रेषेत जात नाही. ठरलेल्या हवाई वाटा असतात, सुटताना आणि उतरताना वळसे असतात. ३५ मिनिटं कशाची? दहा-पंधरा मिनिटं दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत आणि तिथून गेटपर्यंत सरपटण्यात जातात. चढताना-उतरताना वेग कमी असतो, त्याची दहाएक. उरलेली उतरण्याच्या रांगेसाठी. तिकिटावर छापलेला वेळ चाकांपुढचे अडसर काढून विमान जागेवरून हललं, तिथपासून दुसऱ्या टोकाला पुन्हा अडसर लागेपर्यंतचा असतो. म्हणून पायलट "उड्डाणाचा वेळ दोन तास पन्नास मिनिटं" सांगतो आणि तिकिटावर तीन तास वीस असतात. दोघेही खरं बोलत असतात.

दुबई: २,२१३ चे २,३२४ झाले, ८३० ने भागून १६८ मिनिटं, अधिक ३५ = २०३ मिनिटं. तीन तास तेवीस.
बँकॉक: सव्वाचार तास.
सिंगापूर: सव्वापाचाच्या किंचित आत.

अगदी जवळच्या फेऱ्यांना पाच टक्के कमी पडतात, दहा धरा. मुंबई दाबोळीहून ४२४ किमी. त्याचे ४६६ झाले, ३४ मिनिटं, अधिक ३५, म्हणजे सत्तर मिनिटांच्या आत-बाहेर. यात निम्मा वेळ प्रत्यक्ष वाट कापण्यात जातच नाही. म्हणूनच दुबई मुंबईच्या पाचपट लांब असली तरी वेळ पाचपट लागत नाही, तिपटीच्या आतच राहतो. "चारशे किमीला सव्वा तास, तर बावीसशेला जवळजवळ सात तास" असं त्रैराशिक मांडणारे भेटतात. ते इथे फसतं.

पंख्याचं विमान असेल तर ८३० सोडून द्या. मोपाहून चालणाऱ्या फ्लाय९१ कंपनीची एटीआर ७२ जातीची विमानं ताशी पाचशेच्या आसपास जातात. जोडविमान (कनेक्टिंग फ्लाइट) घेताना पहिला टप्पा एटीआरचा आहे का हे बघितलेलं बरं.

वारा, आणि तो कुठल्या महिन्यातला

जातानाचा आणि येतानाचा वेळ वेगळा का, याचं उत्तर बहुतेक जण "पृथ्वी फिरते म्हणून" असं देतात. ते चूक आहे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्याने.

हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, उत्तर भारत आणि आखाताच्या डोक्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा असतो, ज्याला पश्चिमी जेट म्हणतात. त्याचा गाभा आपल्या वाटेच्या उत्तरेला राहतो, पण दुबईकडे जाताना शेवटचा अर्धा प्रवास त्याच्या कडेकडेने होतो. समजा सरासरी ताशी ६० किमीचा वारा समोरून आहे. मग जमिनीवरचा वेग ८३० चा ७७० झाला, आणि १६८ मिनिटांची १८१ झाली. येताना तोच वारा पाठीवर: ८९०, म्हणजे १५७ मिनिटं. जाण्या-येण्यात चोवीस मिनिटांचा फरक इथूनच निघाला. जानेवारीच्या तिकिटावर जाताना तीन तास पस्तीस आणि येताना तीन तास दहा दिसले तर छापण्यात चूक नाही.

पावसाळ्यात चित्र पालटतं. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर खूप उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा वाहतो. या पूर्वी जेटचं वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये केलं. गोवा त्याच्या पट्ट्यात येतो. त्यामुळे जुलैत आखाताकडे जाताना समोरचा वारा जवळजवळ उरत नाही, कधी उलट पाठीवर मिळतो, आणि सिंगापूर-बँकॉककडे जाताना तो समोरून येतो. जानेवारीतल्या विमानाचा वेळ पाहून ऑगस्टचा हिशेब करू नका. आखाताला जाताना येणारा फरक दहा-वीस मिनिटांचा, पण पुढच्या जोडविमानाची वेळ घट्ट असेल तर ते चुकायला तेवढाही पुरतो.

कंपन्यांची वेळापत्रकंही वर्षातून दोनदा बदलतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. फेब्रुवारीत काढलेलं एप्रिलचं तिकीट असेल तर मार्चअखेरीस वेळ पुन्हा एकदा पाहायची.

पावसाळ्याचं आणखी एक. जोराच्या सरीत दिसेनासं झालं की उतरणारं विमान परत वर उचलतात, घिरट्या घालतात, नाहीच जमलं तर मुंबई, बेळगाव, बंगळूर, हैदराबाद अशा कुठल्यातरी तळाकडे वळवतात. मोपा पठारावर आहे, तिथे ढग खाली उतरले की हाच प्रकार. जुलै-ऑगस्टमध्ये परतीच्या विमानानंतर दोन तासांत कुठेतरी पोचायचंच आहे असा बेत करू नये.

घड्याळाचा गुंता

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते. यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्यापेक्षा मागे: दुबई, अबू धाबी, शारजा, मस्कत दीड तास, दोहा, कुवेत, बहारीन, रियाध अडीच तास, मालदीवचं माले अर्धा तास. आपल्याएवढंच: कोलंबो. पुढे: काठमांडू पंधरा मिनिटं, बँकॉक दीड तास, सिंगापूर, क्वालालंपूर आणि हाँगकाँग अडीच तास, टोकियो आणि सोल साडेतीन तास. यातल्या कुठेही उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. आशियात इस्रायल, लेबनॉनसारखे मोजके देश करतात, तिकडे जाणाऱ्यांनी तारखेनुसार पाहावं.

वजाबाकी करायची असेल तर दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा, मग वजा करा. उदाहरणार्थ, सुटणं पहाटे ४:००, दुबईत पोचणं ५:५०. दुबईचे ५:५० म्हणजे आपले ७:२०. प्रवास तीन तास वीस, आपल्या अंदाजाला जुळला. नुसतं ५:५० वजा ४:०० करून "पावणेदोन तासांत दुबई" म्हणणाऱ्याला घरी कुणीतरी थांबवावं. परतीला दुबईहून २३:३० ला सुटून गोव्यात ४:०५ ला पोचतं. घड्याळातला फरक चार तास पस्तीस, त्यातून दीड तास वजा, तीन तास पाच मिनिटं. पोचण्याच्या वेळेशेजारी "+१" छापलेलं असतं. याचा अर्थ दुसरी तारीख. घरच्यांना घ्यायला बोलावताना तारीख ती सांगा.

सगळ्यांत महाग पडणारी चूक मध्यरात्रीनंतरच्या विमानांची. आखाताची बरीच विमानं रात्री बारा ते पहाटे पाचच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ००:४० असं असेल तर तळावर १४ तारखेच्या रात्री पावणेदहाला पोचायचं आहे. १५ च्या रात्री जेवून-खाऊन निघणारा माणूस चोवीस तास उशिरा पोचतो, आणि न आलेल्या प्रवाशाचे पैसे परत मिळण्याची आशा फारशी नसते. तिकीट हातात पडल्याबरोबर त्यावर पेनने लिहून टाका: "१४ तारीख, रात्री, घरून ८:१५." कॅलेंडरवरही तेच लिहा, विमानाची वेळ नाही.

घर ते मुक्काम

आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी. बॅगांचा काउंटर साधारण साठ मिनिटं आधी बंद होतो, काही कंपन्यांचा पंचाहत्तर मिनिटं आधी. गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. तीन तास अती वाटतात, पण आखातासाठीची दोन-तीन विमानं लागोपाठ असली की इमिग्रेशनची रांग एकदम वाढते.

फोंड्याचा माणूस घेऊ. मोपाहून पहाटे ४:०० चं विमान, तळावर रात्री १:०० ला. फोंडा ते मोपा साठ-पासष्ट किमी, रात्री सव्वा तास. टायर-बियर धरून दीड. निघायचं आदल्या दिवशी रात्री साडेअकराला. दुबईत ५:५० ला उतरणं. इमिग्रेशन आणि बॅग एक तास, ६:५०. राहणार जेबेल अलीकडे, म्हणजे टॅक्सीचा पाऊण तास, ७:३५. ते आपले ९:०५. रात्री साडेअकरा ते सकाळी नऊ पाच: नऊ तास पस्तीस मिनिटं, त्यातला हवेत गेलेला जेमतेम तीन तासांचा. त्याच दिवशी दुपारी ड्युटीवर हजर व्हायचं कबूल करण्याआधी हा हिशेब मांडून बघा.

दिवसा निघणाऱ्यांनी रस्त्याचा वेळ वेगळा धरावा. मडगाव ते दाबोळी पंचवीसएक किमी, पण मडगाव ते मोपा सत्तरच्या घरात. सावंतवाडी, बांदा, पेडणे, डिचोली इथल्यांना मोपाच सोयीचा. मोपासाठी कदंबची बस आहे, पण रात्रीच्या विमानाला ती धरून चालू नका; टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा. रेल्वेने येणाऱ्यांनी मोपासाठी पेडणे किंवा थिवीला उतरावं, मडगावला नाही. दाबोळीला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: तो नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात, म्हणून दाबोळीची प्रवासी विमानं दुपारनंतर आणि रात्री दाटलेली दिसतात. फोटो काढायचा मोह तिथे आवरा.

मधे थांबा असेल तर

थेट विमान रोज मिळेलच असं नाही, त्यामुळे जोडविमान घ्यावं लागतं. इथे नकाशा उपयोगी पडतो, कारण सगळे थांबे सारखे नसतात. दोन टप्प्यांची अंतरं काढून बेरीज करा आणि थेट अंतराशी ताडून बघा.

दुबईला मुंबईमार्गे: ४२४ अधिक १,९२६, म्हणजे २,३५०. थेटपेक्षा जेमतेम १३७ किमी जास्त. दिल्लीमार्गे: १,५०१ अधिक २,१८३, म्हणजे ३,६८४. जवळपास १,४७० किमीचा हेलपाटा, उड्डाणाचेच पावणेदोन तास वाढले, थांब्याचे वेगळे. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडची भारतीय विमानं दक्षिणेचा वळसा घेऊ लागली, म्हणजे त्यांचे पाच टक्के पुरत नाहीत. गोव्याहून थेट जाणाऱ्याला याची झळ लागत नाही. ती वाट अरबी समुद्रावरून ओमानच्या किनाऱ्याकडे जाते.

सिंगापूरचा हिशेब तर फारच सुरेख निघतो. मुंबईमार्गे ४,३५२, थेटपेक्षा सातशे किमी जास्त. बंगळूरमार्गे ४८२ अधिक ३,१७८, म्हणजे ३,६६०. थेट अंतर ३,६५७! बंगळूर जवळजवळ त्या रेषेवरच आहे. तिकिटाचा दर सारखा असेल तर पूर्वेकडे जाताना बंगळूर आणि आखाताकडे जाताना मुंबई, हे डोळे मिटून धरायला हरकत नाही.

एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे असतील तर पहिलं विमान उशिरा पोचल्यास पुढची सोय कंपनीने करायची असते, आणि बॅग बहुधा थेट शेवटच्या गावी जाते. चेक-इनला बॅगेच्या टॅगवर शेवटचा कोड कुठला छापलाय ते बघा. डीएक्सबीच्या जागी बीओएम दिसलं तर बॅग मुंबईत उचलायची आहे. दोन वेगळी तिकिटं काढून पैसे वाचवलेत, तर बॅग उचलणं, टर्मिनल बदलणं, पुन्हा काउंटर, पुन्हा रांग, सगळं तुमच्यावर; आणि पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. एका पीएनआरला मुंबईत तीन तास पुरतात. वेगळ्या तिकिटांना पाचपेक्षा कमी ठेवू नका, आणि पावसाळ्यात आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

शेवटची पडताळणी

आपला अंदाज आणि तिकिटावरचा वेळ यांत पंधरा-वीस मिनिटांपर्यंतचा फरक वाऱ्यामुळे किंवा कंपनीने राखून ठेवलेल्या वेळेमुळे असतो, तो सोडून द्या. अर्ध्या तासाच्या वर गेला तर पुन्हा बघा: बहुधा घड्याळाचा फरक उलट बाजूने धरलेला असतो, नाहीतर मधे थांबा आहे आणि तो बारीक अक्षरात आहे.

खरा वेळ पाहायचा असेल तर फ्लाइटरडार२४ वर विमानाचा क्रमांक टाका. मागच्या सात दिवसांच्या फेऱ्या फुकट दिसतात: कधी सुटलं, कधी उतरलं. सातही दिवसांचे वेळ चढत्या क्रमाने लावा आणि मधला, म्हणजे चौथा आकडा घ्या. सरासरी काढू नका, एक दिवस विमान तीन तास रखडलं असेल तर सरासरी बिघडते. सातपैकी चार दिवस उशीर दिसला तर तो अपवाद नसून त्या विमानाची रोजची वेळच आहे असं समजा, आणि पुढचं जोडविमान त्या हिशेबाने निवडा.

निघायच्या दिवशी आणखी एक बघता येतं. आखाताहून येणारं विमान बहुतेकदा तासाभरात तेच परत जातं. म्हणजे तुमचं ४:०० चं विमान दुबईहून आपल्या घड्याळाने रात्री पावणेबाराच्या आधी सुटायलाच हवं. तीन तास येण्याचे आणि एक तास सफाई-इंधनाचा, वर थोडं इकडेतिकडे. मोपाच्या वाटेवर साडेबाराला ते अजून दुबईच्या गेटवरच उभं दिसलं तर उशीर होणार हे कंपनीच्या एसएमएसच्या आधी तुम्हाला कळलेलं असेल. तरीही काउंटरवर वेळेवरच पोचा, कारण विमानाला उशीर झाला तरी काउंटर उशिरापर्यंत उघडा राहीलच असं नाही.